तिडके-वाकोडे यांची एकओळख

पैनगंगा विद्यापीठात ‘एकओळख’ सुरू झाली त्या सकाळी सगळ्या प्राध्यापकांनी एकदम ‘हुश्श’ केलं, आणि त्या वाऱ्याने ग्रंथालयाच्या छपरावरचे पारवे उडून थेट नदीपलीकडे जाऊन बसले. तिथले लोक हे आजही शपथेवर सांगतात. पारव्यांचं जाऊ द्या, पण हुश्श मात्र अगदी खरं. त्याआधी तिथे ईमेलचा पासवर्ड वेगळा, ग्रंथालयाचा वेगळा, गुण भरायचा वेगळा, रजेचा वेगळा. इतिहासाच्या प्रमुखांनी पासवर्डांना यादव घराण्यातले राजे लावले होते. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा नियम आला, घराणं संपलं, आणि त्यांना पोरीच्या लग्नाची रजा टाकता येईना. बाकीच्यांनी आपापले पासवर्ड कीबोर्डच्या पोटाला चिकटवले होते. झाडणाऱ्या मावशींना ते सगळ्यांचे पाठ होते आणि त्या कोणाला कधी दगा देत नव्हत्या, म्हणून विद्यापीठ चाललं होतं.

एकओळखेत पासवर्डच नव्हता. खुर्चीत बसायचं, मनाला येतील त्या दोन ओळी लिहायच्या, की पडदा म्हणायचा, ‘नमस्कार, अमुक अमुक. ओळख पटली.’ तेवढ्यावर ईमेलपासून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत सगळं उघडायचं.

हे यंत्र बसवलं संगणक केंद्राच्या प्रमुख नाझनीन पठाण यांनी. पस्तिशीच्या, बोलायला तडतड्या, आणि कामात अशा की त्यांनी हात लावलेली वायर पुन्हा वाकडी व्हायची हिंमत करत नसे. त्यांनी मोठ्या सभागृहात सगळ्यांना यंत्र समजावून सांगितलं तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या प्रमुख कुंदा वाकोडे मागच्या रांगेत बसल्या होत्या.

“सही कोणीही गिरवतं,” नाझनीन म्हणाल्या. “पासवर्ड कोणीही पाठ करतं. पण ‘क’वर तुमचं बोट किती वेळ रेंगाळतं, ‘ज्ञ’ शोधताना तुम्ही कुठे चाचपडता, कुठली चूक दुरुस्त करता आणि कुठली तशीच रेटता, रागावल्यावर वाक्य लांबतं की तुटतं, हे कोणाला पाठ करता येणार? तुमचं तुम्हालाही येणार नाही. जिन्यात पावलं वाजली की घरातल्यांना कळतं कोण आलं ते. कशावरून कळलं, विचारा. सांगता येत नाही. एकओळख ही तशी घरातली बाई आहे. गेलं वर्षभर ती तुमच्या कीबोर्डांशी बसून शिकत होती.”

“न विचारता?” कोणीतरी ओरडलं.

“सूचना लावली होती सर. सूचना फलकावर.”

सूचना फलक वाचायची रीत त्या विद्यापीठात नव्हती.

“आणि तिने ओळखायला नकार दिला तर?” आणखी एकाने विचारलं. “तुमच्याकडे चावी असेलच.”

“नाही,” नाझनीन म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की चावी नसणं हाच त्यांचा खरा दागिना असावा. “मुद्दामच ठेवली नाही. माझ्याकडे चावी असती तर एक दिवस ती कोणीतरी माझ्याकडून काढून घेतली असती. आता पळवायला काहीच नाही. म्हणून तर जगभरातली विद्यापीठं आणि ग्रंथालयं आपल्या यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. इथे तुमची ओळख पटली की सगळीकडे पटली.”

काय यंत्र होतं! मराठीच्या धाबेकर मॅडमच्या जुळ्या बहिणीने गंमत म्हणून त्यांच्या जागी बसून दोन ओळी लिहिल्या. त्यांची सख्खी आई या दोघींना फसायची. यंत्र म्हणालं, ‘ओळख पटली नाही,’ आणि वर पाहुण्यांसाठीचं पान उघडून दिलं. भूगोलाच्या गवई सरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, ते डाव्या हाताच्या एका बोटाने टंकत बसले. यंत्राने थोडा वेळ घेतला, आणि मग म्हणालं, ‘नमस्कार, गवई सर.’ सर तिथेच रडले. घरच्या कुत्र्याने त्यांना प्लास्टरसकट ओळखलं नव्हतं.

फक्त एक नियम कडक होता. एक खातं, एक माणूस.

आणि नेमकी तिथेच वनस्पतिशास्त्राची गाडी चिखलात रुतली.

वनस्पतिशास्त्र विभागात माणसं दोनच. कुंदा वाकोडे आणि अंबादास तिडके. एकाच वर्षी लागलेले, आणि लागल्या दिवसापासून भांडणारे. विभागाचं ईमेल खातं एकच होतं, आणि स्वतःचं वेगळं खातं असूनही दोघं सगळा पत्रव्यवहार त्याच एका खात्यावरून करत. त्याची पद्धत अशी. कुंदाबाई खुर्चीत, तिडके शेजारी स्टुलावर. बाई लिहायला लागायच्या. दुसऱ्या ओळीला तिडके म्हणायचे, “हे काय लिहिलंय?” आणि कीबोर्ड ओढून घ्यायचे. ते अर्ध्या वाक्यात असताना बाई म्हणायच्या, “पानांची मांडणी एकाआड एक आहे, समोरासमोर नाही. डोळे तपासा,” आणि कीबोर्ड परत. असं पत्र पूर्ण व्हायला एक दुपार जायची, पण निघायचं ते असं निघायचं की दूरदेशीच्या एका नेचेतज्ज्ञाने एकदा लिहिलं, ‘स्वतःचंच म्हणणं इतक्या निर्दयपणे खोडून काढणारा प्रामाणिक संशोधक मी पाहिला नाही.’ त्या बिचाऱ्याला वाटायचं, पत्र लिहिणारा माणूस एकच आहे.

एकओळखेसाठी प्रत्येक खात्याचा मालक कळवायचा होता. कुंदाबाई विभागप्रमुख, त्यांनी स्वतःचं नाव कळवून टाकलं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. विभागाची कपाटं, पंखे, सूक्ष्मदर्शक, सगळं त्यांच्याच नावावर होतं.

तिडक्यांना ते कळलं. ते दारातच उभे राहिले.

“म्हणजे खातं तुमचं.”

“अहो, कोणाचं तरी एकाचं लिहायचं होतं.”

“विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर तुम्ही तीन दिवस वाद घातला असता!”

“घातला असता,” तिडके म्हणाले. “आणि मग तुमचंच नाव लिहा म्हणालो असतो.”

एवढंच बोलले. भांडले नाहीत. तिडक्यांनी आठवड्याभरात मुदतीआधीची निवृत्ती घेतली आणि बायकोसह आपल्या गावी, पिंपळदरीला निघून गेले.

कुंदाबाई विभागाचं खातं उघडायला बसल्या. दोन ओळी लिहिल्या. ‘ओळख पटली नाही.’ पुन्हा लिहिल्या. पुन्हा तेच. यंत्रसुद्धा तिडक्यांच्या बाजूचं आहे असं मनाशी म्हणून त्यांनी ते बंद केलं, आणि त्या आपल्या एकटीच्या खात्यावरून एकटीची पत्रं लिहू लागल्या. ती पत्रं चटकन लिहून व्हायची. उत्तरंही चटकन आणि कोरडी यायची.

वर्ष तसंच गेलं. मग राखी करपा आला.

हा रोग नवा होता. ज्वारीच्या पानावर आधी राखेसारखे ठिपके, मग सगळं ताट राखेचं. बाजारातलं एकूण एक संकरित बियाणं त्याच्यापुढे झोपलं. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर जनावरांना कडबा मिळेना, आणि लोक भाकरीला पर्याय शोधू लागले, जो त्या भागात आजवर कोणी शोधला नव्हता. आणि कुंदाबाईंना माहीत होतं, या रोगाच्या जातभाईंना दाद न देणारी एक ज्वारी होती. काळबोंडी. काळ्या बोंडाची, उंच, कमी पिकणारी, म्हणून सगळ्यांनी टाकून दिलेली. तरुणपणी त्यांनी आणि तिडक्यांनी एका डोंगरावरच्या वावरातून तिची कणसं आणली होती. कोणी झोळी धरायची यावरून ते अख्खा डोंगर भांडत उतरले होते.

विभागात काळबोंडीच्या बरण्या होत्या. पण मध्यंतरी तपासणी समिती यायची होती, तेव्हा विद्यापीठाने सगळी जुनी कपाटं आवरून, पुसून, रंगवून काढली, आणि समितीला आवडणार नाही असं सगळं ट्रकने बाहेर गेलं. समितीने कपाटांची फार तारीफ केली.

उरलं एक ठिकाण. उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशात डोंगराच्या पोटात जगभरातलं बी सांभाळणारं कोठार होतं, तिथे त्या दोघांनी काळबोंडीची एक पेटी ठेवली होती. कोठाराचा शिरस्ता असा, की पेटी ज्याने ठेवली तोच मागू शकतो; त्या देशाच्या राजाने मागितली तरी देत नाहीत. पेटी ठेवली होती विभागाच्या खात्यावरून. कुलगुरू खडककरांनी शिक्क्यानिशी विनंती पाठवली. कोठाराने अत्यंत नम्रपणे कळवलं की आम्ही शिक्के ओळखत नाही. आपल्याकडच्या एकओळखेची ख्याती आम्ही ऐकून आहोत, पेटीच्या मालकाने तिच्यातून आत यावं.

हस्त नक्षत्र लागायच्या आत बी आलं, तर विद्यापीठाच्या रानात ते वाढवता येणार होतं आणि पुढच्या वर्षी गावोगाव देता येणार होतं. नाही आलं तर वर्ष गेलं. आणि राखी करपा वर्षभर थांबणाऱ्यांतला नव्हता.

कुंदाबाई संगणक केंद्रात गेल्या. नाझनीन यांनी खात्याचा ठसा पडद्यावर उघडला. ठसा म्हणजे एक लांबलचक वेडीवाकडी रेघ. बोटांची लय, थांबे, खोडाखोड, शब्दांची निवड, या सगळ्याची मिळून झालेली. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“मॅडम, यंत्राला खातेदार एकदम स्पष्ट माहीत आहे. संशयच नाही.”

“मग मला का नाही ओळखत?”

“कारण तो खातेदार तुम्ही नाही.”

“तिडके?”

“तेही नाहीत. हे बघा.” नाझनीन यांनी बोट ठेवलं. “इथे बोटं हलकी, सरळ, चूक झाली की लगेच दुरुस्त. या तुम्ही. आणि मध्येच हे धाडधाड. ते सर. पण इथून तिथे जाताना कधी अर्धा शब्द, कधी अर्धं अक्षर. काना तुमचा, तर मात्रा त्यांची. वर्षभर यंत्राने हेच पाहिलं. तुम्हाला सुटं कधी पाहिलंच नाही. त्याने ठरवलं, हा एकच माणूस आहे. जरा तापट आहे, पण एकच आहे.”

कुंदाबाई खुर्चीत बसल्या. “हे चुकलंय तुमचं यंत्र.”

“मलाही आधी तसंच वाटलं,” नाझनीन म्हणाल्या. “म्हणून मी त्याला जुनी सगळी पत्रं दिली आणि विचारलं, यातली दोघांची वाक्यं वेगळी कर. त्याने नाही म्हटलं. मॅडम, सांगितलेल्या कामाला ते नाही म्हणत नाही कधी. अख्ख्या विद्यापीठात त्याने हे एकाच खात्याबाबत म्हटलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कुंदाबाई पिंपळदरीला उतरल्या.

गावात शिरताच तिडक्यांचा पत्ता विचारायची गरज राहिली नाही. प्रत्येक झाडाच्या गळ्यात पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर लॅटिन नाव. पारावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “तुम्ही त्या सरांच्या ओळखीच्या का? त्यांना सांगा बाई, लिंबाला लिंब म्हणायची परवानगी द्या. परवा माह्या नातवाला चार माणसांत टोकलं त्यांनी.”

दार तिडक्यांच्या पत्नीने, रत्नावहिनींनी उघडलं. कुंदाबाईंना पाहून त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग तोच हात जोडला.

“या हो वाकोडेबाई, या! अहो, किती वाट पाहिली तुमची. रोज सकाळी चहा घेतला की माझ्याशी भांडायला बसतात. मी म्हणते, बरोबर आहे तुमचं. तर जास्तच चिडतात. म्हणतात, तुला मुद्दा कळत नाही! मला नाही जमत हो ते. घेऊन जा त्यांना, संध्याकाळी परत पाठवा.”

तिडके परसात कढीपत्त्याला पाटी बांधत होते. वळले नाहीत.

“वाकोडे मॅडम आल्या का? बसा म्हणावं.”

“बसायला आले नाही. काळबोंडी पाहिजे.”

हातातली तार थांबली. कुंदाबाईंनी राखी करपा, कोठार, खातं, सगळं सांगितलं. यंत्राने दोघांना एक माणूस धरलंय हेही सांगितलं. ते ऐकून तिडके असे वळले, की पाटी कढीपत्त्याला लागायची ती त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीला अडकली.

“एक माणूस? मी आणि तुम्ही?”

“हो. मला काय हौस आहे?”

“त्या यंत्राला डोळे तपासायला सांगा.”

“सांगितलं. तपासलेत.”

तिडक्यांनी गुंडीतली पाटी सोडवली. “झोळी मी धरली होती,” ते अखेर म्हणाले. “काळबोंडीची. तुमच्या लक्षात नसेल. चला.”

विभागात कुलगुरू आधीच येऊन बसले होते. खडककर मूळचे कायद्याचे. माणूस सज्जन, पण नियम म्हटला की त्यांचा कणा आपोआप ताठ व्हायचा. नाझनीन संगणकाजवळ उभ्या होत्या. कुंदाबाई खुर्चीत बसल्या, तिडके स्टुलावर. वर्षभराने बसत होते, आणि कुलगुरूंसमोर, त्यामुळे दोघांच्या अंगात भारी सभ्यता आली होती.

“आपण सुरुवात करावी, सर,” कुंदाबाई म्हणाल्या.

“छे छे, आपणच करावी. आपण प्रमुख आहात.”

कुंदाबाईंनी एक ओळ लिहिली, अदबीने कीबोर्ड सरकवला. तिडक्यांनी एक ओळ लिहिली, अदबीने परत सरकवला. पडदा क्षणभर विचारात पडला.

‘ओळख पटली नाही.’

“वाक्यरचना आपण थोडी बदलावी का?” तिडके म्हणाले.

“आपल्याला योग्य वाटेल तसं.”

‘ओळख पटली नाही.’

“यंत्र बिघडलंय,” कुलगुरू म्हणाले.

“यंत्र ठीक आहे सर,” नाझनीन शांतपणे म्हणाल्या. “ही दोन माणसं कोण आहेत ते त्याला खरंच माहीत नाही. मलाही माहीत नाही. या दोघांना एकमेकांना ‘आपण’ म्हणताना अख्ख्या विद्यापीठात कोणी ऐकलेलं नाही.”

कुंदाबाईंनी पुन्हा कीबोर्ड जवळ घेतला आणि विनंती लिहायला घेतली. ‘काळबोंडी ही कमी उत्पन्न देणारी जात असली तरी’ इतकं झालं आणि स्टूल करकरलं.

“कमी उत्पन्न?”

“मग काय जास्त?”

“कडब्यासकट मोजा! ताट माणसाच्या डोक्यावर जातं. तुम्ही नुसतं दाण्याचं वजन करता आणि कमी म्हणता. आपल्या काळबोंडीच्या लेखातही हेच लिहिलं होतंत. म्हणून तर लोकांनी टाकली ती.”

“माझ्यामुळे टाकली? अहो तिडके, तुम्ही त्या लेखात कडब्याचं एक वाक्य लिहायला दोन महिने घेतलेत!”

“कारण तुम्ही दर वेळी खोडत होतात!”

“चुकीचं होतं म्हणून खोडत होते! द्या इकडे.”

“सोडा. ‘असली तरी’ काढा आधी.”

“हात काढा.”

“आणि मालक म्हणून नाव लिहिताना? तेव्हा माझा हात कुठे होता? सगळं आयुष्य मी स्टुलावर बसलो, तुम्ही खुर्चीत. मी कधी म्हटलं का, खुर्ची द्या? पण कोणी विचारलं, हे कोणाचं, तर तुम्ही म्हणायचं, माझं?”

हे बोलताना ते लिहीत होते, धाडधाड. कुंदाबाईंनी कीबोर्ड खेचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि बोटं थांबली नव्हती.

“एकटीने लिहिलेली पत्रं वाचलीत का माझी? कोणी उत्तर देत नाही धड! खोडायला कोणी नाही, म्हणून सगळं बरोबर वाटतं मला. कळलं? सगळं! आणि कडब्याला ‘द्वितीयक उत्पादन’ म्हणतात, ‘वैरण’ नाही...”

“वैरणच म्हणतात!”

‘नमस्कार,’ पडदा म्हणाला. ‘ओळख पटली.’

त्या दोघांना ते दिसलंसुद्धा नाही. वैरण राहिली, द्वितीयक उत्पादनही राहिलं, ‘असली तरी’ गेलं, आणि नाझनीन यांनी हळूच पुढे वाकून विनंती पाठवली तेव्हा मागून दोघं एकदम ओरडले, “थांबा, अजून झालं नाही!”

ती विनंती विद्यापीठातून निघाली. कोठाराच्या यंत्राने एकओळखेला विचारलं, हाच का तो माणूस? एकओळखेने हो म्हटलं. उत्तर आलं तेव्हा चहासुद्धा आला नव्हता. पेटी काढली आहे, उद्या विमानात बसेल. खाली कोठाराच्या वृद्ध अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली होती. वर्षभर तुमचं पत्र नाही, आजारी होता का?

तिडक्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्मा पुसायला घेतला.

कुलगुरूंचा कणा मात्र ताठ झाला होता. “उत्तम झालं. अभिनंदन. पण नियमाचं काय? एक खातं, एक माणूस. कळवलेल्या मालकाला यंत्राने वर्षभर ओळखलं नाही अशी खाती या शुक्रवारी बेवारशी म्हणून बंद होणार आहेत, माझीच सही आहे त्यावर. वाकोडे मॅडम, आता खातं उघडलंच आहे, तर एकाच्या नावे करून घ्या आणि मोकळ्या व्हा. नाहीतर मला बंद करावं लागेल.”

“सर,” नाझनीन म्हणाल्या, “नियमाप्रमाणेच आहे हे. यंत्र म्हणतं, एकच माणूस आहे.”

“म्हणेल! पण मला दोन दिसतायत!”

“माणूस कोण ते यंत्र ठरवणार, हा ठरावही तुमच्याच सहीचा आहे, सर.”

खडककर शेवटी कायद्याचे. पेच आवडला असावा, कारण तोंडाच्या कोपऱ्यात हसू होतं. “ठीक. एकच माणूस. मग त्या माणसाचं नाव लिहा. नावाशिवाय मी माणूस मानणार नाही.”

पडद्यावर नावाची रिकामी चौकट उघडली. तिच्यात कर्सर लुकलुकत होता.

कुंदाबाईंनी चौकटीकडे पाहिलं. मग त्या खुर्चीतून उठल्या आणि कीबोर्ड उचलून तिडक्यांच्या मांडीवर ठेवला.

“लिहा. तुमचं.”

तिडक्यांनी मान खाली घालून लिहिलं. ‘कुंदा वाकोडे.’

“हे काय लिहिलंय?” बाई म्हणाल्या, आणि ओढून घेऊन खोडून टाकलं. लिहिलं, ‘अंबादास तिडके.’

“निवृत्त माणसाच्या नावावर खातं? नियम तरी वाचा.” खोडलं. ‘वाकोडे.’

“नियम गेला चुलीत. तिडके.”

“वाकोडे म्हणतो ना!”

“मला नकोय म्हणते ना! कळत कसं नाही तुम्हाला?”

“तुम्हाला कधी काही पटलंय का माझं? वा...”

“ति...”

अर्धं नाव त्यांचं, अर्धं यांचं, चौकटीत नुसती खिचडी झाली होती आणि चारही हात कीबोर्डवर होते. कुलगुरूंनी घड्याळाकडे पाहिलं, नाझनीनकडे पाहिलं, आणि उठायला खुर्चीचे हात धरले.

तेवढ्यात चौकट आपोआप मिटली. पडद्यावर दोन ओळी आल्या. नाझनीन पठाण पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या की त्यातली दुसरी आपण लिहिलेली होती, सगळ्यांसाठीच, नाव बदलणाऱ्या नव्या सुना वगैरे लोकांचा विचार करून. पण त्या सांगताना कोणी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, तर त्यांचं स्वतःचंही त्यावर पुरतं समाधान झालेलं नाही, हे कळायचं.

‘ओळख पटली आहे.

नाव सावकाश ठरवा.’